सरपणाचा सोस

कोकणात मागीलदारच्या पडवीत पावसाळ्याआधी रचली जाणारी लाकडे ही वरवर पाहता निव्वळ गरज असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. शिवाय नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, आणि ते उकळून गेल्याखेरीज असले लाकूड चुलीत धुरापलीकडे फारसे काही देत नाही. म्हणून आगोटीत, म्हणजे पावसापूर्वीच्या तजविजीच्या दिवसांत, तांदूळ, मीठ आणि सुकी मासळी यांच्याबरोबर वाळलेली लाकडेही घरात घ्यावी लागतात. हा या विषयाचा शहाणा भाग असून तो येथेच संपतो. कारण स्वयंपाकघरात १४.२ किलोचा गॅस सिलिंडर आला, चूल भाकरीपुरती आणि न्हाणीतल्या पाण्यापुरती उरली, तेवढ्यासाठी घरच्याच माडांच्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या पुरेशा होऊ लागल्या, तरी लाकडांची रास कमी होण्याऐवजी पडवीच्या वाशांना टेकू लागली. गरज संपल्यावरही जी गोष्ट वाढत राहते तिला छंद म्हणावे की व्याधी, याचा निर्णय सामान्यतः घरातील इतर माणसे करतात, आणि तो सहसा एकमताने होतो.

या सोसाने ग्रासलेली व्यक्ती बहुधा पुरुष असते आणि निवृत्तीच्या आगेमागे असते. एरवी ज्याला पाण्याचा तांब्या बसल्या जागी हवा असतो, तोच गृहस्थ रस्त्याकडेला वाळकी फांदी दिसताच गाडी थांबवतो, ती डिकीत मावत नाही हे सिद्ध झाल्यावर मागच्या आसनावर आडवी घालतो, आणि ‘हे कशाला?’ या प्रश्नाला ‘असू दे, लागेल’ असे उत्तर देतो, ज्यात कधी आणि कशासाठी हे दोन्ही तपशील गाळलेले असतात. ठरावीक जातींची उभी झाडे विनापरवाना तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या अधिनियमाने आडकाठी केलेली असल्यामुळे त्याची खरी भिस्त वाऱ्यावर असते. मे महिन्यातला वळीव, म्हणजे दुपारनंतर गडगडाटासह येणारा अवकाळी पाऊस, ओसरला रे ओसरला की तो कमरेच्या आकडीला कोयता अडकवून वाडीत फेरी मारतो, आणि ज्याच्या आंब्याची फांदी मोडली असेल त्याचे मनापासून सांत्वन करता करता नजरेने तिचा घेर मोजून घेतो.

लाकडे गोळा करणे ही मात्र या व्यसनाची पहिली पायरी होय. खरी गोडी ती फोडण्यात आहे. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे आकसते, आणि या ओढाताणीमुळे ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यातून बाहेर धावणाऱ्या भेगा पडतात. जाणकार माणूस या भेगा पंचांगासारख्या वाचतो, गाठ टाळतो, नेमक्या रेषेवर कुऱ्हाड उतरवतो, आणि ओंडका जर एका घावात दुभंगला तर कोणी पाहिले का म्हणून चहूकडे बघतो. सातबाऱ्यावरची वारसनोंद, सामाईक विहिरीचा तंटा आणि धाकट्याचे लग्न यांपैकी काहीही वर्षानुवर्षे मार्गी लागत नसताना एवढा तत्काळ निकाल देणारे दुसरे काम त्याच्या आयुष्यात उरलेले नसते.

याबाबतीत तो एकटा नाही. ब्रिटनचे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन हे वयाची ऐंशी वर्षे होईपर्यंत झाडे तोडत असत. १८६८ साली राणीचा दूत पंतप्रधानपदाचा निरोप घेऊन येत असल्याची तार आली तेव्हाही त्यांचा हात कुऱ्हाडीवरच होता, आणि तार वाचून झाल्यावर त्यांनी ते काम तसेच पुढे चालू ठेवले. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, कारण झाड रेषेने फुटत असे आणि आयर्लंडचा प्रश्न फुटत नसे. १८८६ मध्ये त्यावर त्यांनी जोराचा घाव घातला तेव्हा त्यांचाच पक्ष दुभंगला. जर्मनीचा पदच्युत कैसर दुसरा विल्हेल्म यानेही नेदरलँड्समधील विजनवासात झाडे तोडण्याचा सपाटा लावला होता, आणि ही कुऱ्हाड त्याच्या हाती १९१४ पूर्वीच कोणी दिली असती तर युरोपचे एकंदरीत बरे झाले असते. नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २०१३ साली सरपणावर सलग १२ तासांचा कार्यक्रम दाखवला, तेव्हा लाकडे साल वर करून रचावीत की खाली, यावरून प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंनी तक्रारी आल्या. कोकणातल्या पडवीत हा विषय निघता तर १२ तास प्रस्तावनेलाही पुरले नसते.

या थोरांमध्ये आणि आपल्या गृहस्थामध्ये एक साम्य आहे: त्यांच्यापैकी कोणाचाही संध्याकाळचा भात त्या लाकडांवर अवलंबून नव्हता. रायगडातल्या कातकरी बाया डोक्यावर मोळी, म्हणजे वेलीने किंवा दोरीने आवळलेला लाकडांचा भारा, घेऊन मैलोगणती चालतात, आणि तो भारा उतरवल्यावर त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. त्यांच्यासमोर ओंडक्याच्या सौंदर्याविषयी बोलण्याचे धाडस अजून कोणी केल्याचे दिसत नाही.

हौशी संग्राहकाचा व्यवहार याच्या नेमका उलट असतो, कारण त्याला लाकूड जळणे मुळातच पसंत नसते. ऐन आणि किंजळ, म्हणजे कोकणातल्या रानातली जड व चिवट लाकडे, तो राशीत दर्शनी भागी मांडतो, आंबा मधल्या थरात घालतो, आणि चुलीसाठी मागणी आली की शेवगा व पांगारा यांच्यासारखी भुसभुशीत, क्षणात राख होणारी लाकडे नाखुशीने काढून देतो. ‘तो ऐनाचा तुकडा द्या की’ असे सुचवल्यास ‘ते चांगले लाकूड आहे, राहू दे’ असे उत्तर मिळते, आणि त्याप्रमाणे ते तीन-चार पावसाळे राहते, पाहुण्यांना दाखवले जाते, व अखेरीस वाळवीच्या स्वाधीन होते.

वाळवीच्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची ताकद फक्त वाडीतल्या पोरांत असते. शिमग्यात होळीसाठी लाकडे पळवण्याची जुनी रीत असून तीविरुद्ध तक्रार करणारा हास्यास्पद ठरतो, त्यामुळे फाल्गुनातल्या रात्री हा गृहस्थ उकाड्याचे निमित्त सांगून मागच्या पडवीत झोपू लागतो. पोरे तरीही नेतात. होम पेटल्यावर तो नारळ घेऊन जातो, ज्वाळांत आपला ऐन ओळखतो, आणि शेजारच्या माणसाला तो किंजळ वाटला तर भर होमापुढे त्याच्याशी भांडतो.