पोखर्णीत बसून सरासरी कशी काढावी

नृसिंहाचं दर्शन घ्या, चहा सांगा आणि लॅपटॉप उघडा. एसक्यूएल शिकायला परभणीपर्यंतही जायला नको. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली डेटाबेसला प्रश्न विचारायची ही भाषा मांडली. माणूस झाकायचा तर गट पाडावा, हे मात्र आपल्या कचेऱ्यांना त्याआधीच ठाऊक होतं.

सोयाबीनचा तक्ता घ्या. पाच शेतं. एकरी उतारा आठ क्विंटल, सहा, दोन, शून्य. पाचव्याचा रकाना रिकामा. काउंटच्या कंसात चांदणी टाकलीत तर उत्तर पाच, उतारा हा रकाना टाकलात तर चार. रिकामा रकाना म्हणजे नल, आणि नल म्हणजे शून्य नव्हे. शून्यवाल्याचं पीक गेलं. नलवाल्याकडे मोजायलाच कुणी फिरकलं नाही. सरासरीसुद्धा सोळा भागिले चार, म्हणजे चारच येते. हौसेनं नलच्या जागी शून्य भराल तर ती ३.२ वर घसरेल. तेव्हा हौस करण्याआधी साहेबांना विचारा.

मिन आणि मॅक्सला फार डोकं लागत नाही. मदत मागायची तर मिन, मंत्र्यांना शिवार दाखवायचं तर मॅक्स.

आता ग्रुप बाय, म्हणजे गट पाडणं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत आपल्याकडे मुख्य पिकांचा गट सहसा महसूल मंडळाचा असतो. पीक कापणी प्रयोगांवरून मंडळाची सरासरी निघते आणि ती उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. समजा, वरची पाच शेतं हेच मंडळ आणि उंबरठा ३.८. हॅविंगमध्ये अट घाला: सरासरी उंबरठ्याहून कमी. एकही ओळ येणार नाही, म्हणजे भरपाई नाही. शून्यवाला समोर डोक्याला हात लावून बसला असेल, पण क्वेरी बरोबर आहे. वेअर गट पडण्याआधी चालतं, तिथे ‘उतारा शून्य’ अशी अट घातली तर तो एकटा सापडला असता. पण वेअर लिहिणं त्याच्या हातात नाही.

गट पाडल्यावर सिलेक्टमध्ये शेतकऱ्याचं नाव मागू नका, डेटाबेस अंगावर येतो. मायएसक्यूएलच्या ५.७ आधीच्या आवृत्त्या भिडस्त होत्या. गटातलं कुठलंही एक नाव बिनदिक्कत काढून द्यायच्या. त्यावर यादी लावू नका.

आणि ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, मुदतीत भरा. रिकाम्या रकान्याची दखल चांदणीवाला काउंट सोडला तर कुणीच घेत नाही.