धक्कास्टार्ट संस्कृतीचा ऱ्हास

जुन्या कौटुंबिक मोटारीविषयीच्या स्मरणरंजनाचा, म्हणजे भोगलेल्या गैरसोयींना पुढे यथावकाश सद्गुण ठरवण्याच्या प्रवृत्तीचा, महाराष्ट्रात व्हावा तेवढा अभ्यास झालेला नाही, ही खेदाची बाब आहे. कारण या विषयाचा किमान एक तज्ज्ञ लग्नाच्या प्रत्येक पंगतीत आढळतो आणि 'तशा गाड्या आता होणे नाही' या निष्कर्षावर सर्व तज्ज्ञांचे एकमत असते. हा निष्कर्ष ते वातानुकूलित मोटारीच्या मागच्या सीटवर रेलून, एसी जरा वाढवायला सांगून मग मांडतात, हा मात्र संशोधनपद्धतीतील दोष मानू नये.

मुंबई-पुण्याकडील शाखेचे आराध्यदैवत म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० या मोटारीवरून ती बनत असे आणि १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी भाविकांनी ते कागदोपत्रीच ठेवून तिला शेवटपर्यंत 'फियाट' म्हटले. कारखान्याने मोटारी किती काढाव्यात हे त्या काळी सरकारी परवान्यावर ठरत असल्याने नोंदणी आणि प्राप्ती यांत वर्षे जात. ज्याला धीर नसे तो 'ऑन', म्हणजे ठरलेल्या किमतीवरची बिनपावतीची रक्कम, मोजून दुसऱ्याच्या नंबरावरची गाडी उचलीत असे. थोरल्याच्या मुंजीत नोंदवलेली गाडी त्याच्या वरातीला आली तरी तक्रार नसे. किंबहुना नोंदवलेली पण न आलेली मोटार हीच त्या युगातील सर्वांत भरवशाची मोटार म्हटली पाहिजे, कारण ती कधीही बंद पडत नसे.

आलेली मोटार मात्र बंद पडे, आणि तिचे सामाजिक महत्त्व नेमके येथे आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट अशी तिची रचना असल्याने चालक व शेजारी यांच्या मध्ये आणखी एक जीव सहज मावत असे. नोंदणी-पुस्तकातील आसनसंख्येकडे कुटुंबे पंचांगातील राहुकाळाइतकेच, म्हणजे सोयीने, लक्ष देत. सकाळी थंड इंजिनाला हवा कमी व पेट्रोल जास्त मिळावे म्हणून ओढायची कळ म्हणजे चोक, आणि तो किती ओढावा व केव्हा आत ढकलावा हे ज्ञान कर्त्या पुरुषाकडे गुरुमंत्रासारखे असे. उरलेल्यांची नेमणूक बोरघाटात होई. खोपोलीला रेडिएटर पाहायचा, चढावर काटा लालकडे झुकला की थांबायचे. मग काकांनी चाकामागे दगड लावायचा, आत्याने पाण्याचा डबा पुढे करायचा आणि आजोबांनी खांद्यावरचा पंचा ओला करून पेट्रोलच्या पंपावर टाकायचा, कारण उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता येईनासे होणे, ज्याला व्हेपर लॉक म्हणतात, यावर त्या पंचाएवढा गुणकारी उपाय कोणत्याही पुस्तिकेत दिलेला नव्हता. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकून झाले की यंत्रशास्त्राची उरलेली जबाबदारी देवाकडे जाई.

आधुनिक मोटारीने ही सारी पदे रद्द केली. इंधनाचे माप संगणक ठरवतो, त्यामुळे चोक गेला. रस्ता पडद्यावरची बाई सांगते, त्यामुळे पानाच्या टपरीवर थांबून तिघांकडून तीन दिशा मिळवण्याचा लोकसंवाद गेला. बॉनेट उघडले तर इंजिनावर प्लॅस्टिकचे झाकण दिसते, जे पाहून कर्ता पुरुष गंभीरपणे मान हलवतो आणि बॉनेट पुन्हा लावतो. त्यातच पट्टा न लावल्यास गाडीच त्याच्यावर टुणटुण ओरडते, म्हणजे आजवर एकाच व्यक्तीकडे असलेला अधिकार आता दोघींकडे गेला.

सुरक्षिततेचा मुद्दा निघाला की हे तज्ज्ञ विशेष खुलतात. पट्टे नव्हते, एअरबॅग म्हणजे धडकेच्या क्षणी फुगणारी उशी नव्हती, पोर पुढच्या सीटवर आईच्या मांडीत उभे असे, 'तरी आम्हाला काय झाले?' असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. ज्यांना काही झाले ते पंगतीला येऊ शकत नाहीत, एवढी एक किरकोळ त्रुटी सोडल्यास हा पुरावा भक्कम आहे.

टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तेव्हा शोक सार्वत्रिक होता. जिला उन्हाळ्यात हात केला तर आत भट्टी आणि पावसात हात केला तर पायाशी तळे मिळे, तिच्यासाठी मोबाइलवर वातानुकूलित गाडी मागवणाऱ्यांनीही त्याच मोबाइलवर हळहळ लिहिली. हा बाजार कंपन्यांनी दवडू नये. मासिक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकाच्या पडद्यावर 'वारसा' नावाची एक कळ द्यावी, जी दाबताच एसी बंद होईल, काचा हाताने फिरवाव्या लागतील आणि खंडाळ्याच्या चढावर गाडी आपोआप थांबून वाफ सोडील. धक्का मारणारे नातेवाईक ग्राहकाने स्वतः आणावयाचे आहेत, अशी अट मात्र बारीक अक्षरांत घालावी लागेल. चौघा चुलतभावांचा एकही रविवार एकमेकांशी जुळत नसल्याने ही सोय बहुधा 'लवकरच उपलब्ध' याच अवस्थेत राहील, आणि वर्गणी तेवढी दर महिन्याला कापली जाईल.