पेन्सिल सेलकडेही कुणीतरी बघा

बॅटरी सुधारायला सगळं जग लागलंय. गाडी एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते, मोबाइल किती मिनिटांत भरतो, याच्या जाहिराती रोज कानावर पडतात. ते व्हायलाच हवं. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, तेही योग्यच झालं. माझी तक्रार आहे ती पेन्सिल सेलबद्दल.

किराणा दुकानात मिळणारा स्वस्त सेल अजून झिंक-कार्बनचाच असतो. त्याचं मूळ लेक्लांशेच्या १८६६ च्या सेलमध्ये. यात जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. वीज देता देता तो डबाच झिजतो, शेवटी त्याला भोक पडतं आणि आतलं रसायन पाझरतं. रिमोटचं झाकण उघडावं तर स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर आणि सेल आत घट्ट चिकटलेला. मग स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, पॉलिश पेपरने घासा. त्यात स्प्रिंग तुटली की चांगला रिमोट भंगारात. अल्कलाइन सेल जास्त टिकतो, पण यंत्रात वर्षानुवर्षं पडून राहिला तर तोही पाझरतो.

रिमोटचं एक वेळ चालतं. सेल अंगठ्याने गोल फिरवून थोडे दिवस ढकलता येतात. बीपीच्या मशीनचं तसं नाही. पट्टा फुगवणाऱ्या मोटरला एकदम जास्त करंट लागतो आणि थकलेला सेल नेमका तिथेच मान टाकतो. रात्री आईला गरगरतंय, पट्टा अर्धवट फुगतो आणि मशीन बंद. दुकानं मिटलेली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून लावावा, तर घड्याळाला पुरणारी ताकद मोटरला पुरत नाही.

शेकडो वेळा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आहेत. आमच्या गल्लीत विचारलं तर उत्तर एकच, ‘कुणी मागत नाही.’ वापरलेल्या सेलचीही तीच गत. बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे आणि त्यात हे छोटे सेलही येतात. घंटागाडीवर मात्र सांगतात, ‘सुक्यात टाका, काकू.’

सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी जुने सेल टाकायला डबा हवा. चार्ज होणारे सेल तिथेच मिळायला हवेत. आणि बीपी मशीनच्या खोक्यावर, कोणते सेल घालायचे आणि कधी काढून ठेवायचे, हे मोठ्या अक्षरांत, मराठीत छापलेलं हवं.