पहिल्या धारेचे रसायनशास्त्र

प्रति,
बिनप्रयोगशाळेचा सेंद्रिय रसायनशास्त्र अभ्यासक्रम,
मु. पो. मोबाईलचा पडदा.

विषय : गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली परिसरातील बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेसह की प्रयोगशाळेविना अभ्यासक्रम निवडावा, याबाबत.

महोदय,

सेंद्रिय रसायनशास्त्र हे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र असून ते दोन प्रकारे शिकवले जाते. एका प्रकारात तासिका, पुस्तक आणि परीक्षा असते. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला प्रॅक्टिकल असते. पहिला प्रकार स्वच्छ आहे. त्यात हात भाजत नाही, ॲसिडने ओढणीला भोक पडत नाही आणि प्रयोग कधीच फसत नाही. फळ्यावर बाण काढला की बाणाच्या टोकाला शंभर टक्के उत्पादन तयार असते. कारखानदारीला हे अजून जमलेले नाही. सबब सदर अभ्यासक्रमाचे प्रथम अभिनंदन करण्यात येत आहे.

वेळेचा हिशोबही त्याच्याच बाजूने आहे. विद्यापीठीय श्रेयांक पद्धतीत तासिकेच्या एका श्रेयांकासाठी 15 तास बसावे लागते, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी 30 तास उभे राहावे लागते. आलापल्लीसारख्या ठिकाणी या 30 तासांत एसटीचे तास मिळवावे लागतात. एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचाकडच्या वाटा इथे एकत्र येतात. पण चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा वेळी पडद्यावरचे व्याख्यान पुलावरून पाणी गेले तरी थांबत नाही, फक्त रेंज असावी लागते. ही सोय खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

नियमांकडे पाहता मात्र वेगळेच चित्र दिसते. 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तिथल्या बीएस्सीत रसायनशास्त्र हा विषय प्रॅक्टिकलसह येतो. दूरशिक्षणातही सुटका नाही. इग्नूच्या बीएस्सीची प्रात्यक्षिके अभ्यास केंद्राच्या प्रयोगशाळेत हजर राहूनच करावी लागतात. 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून घेता येतात, पण तो एखाद्या पेपराचा प्रश्न झाला. परदेशी जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो : अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेशासाठी सेंद्रिय रसायनशास्त्र मागतात, तेही प्रयोगशाळेसह. थोडक्यात, बिनप्रयोगशाळेचा अभ्यासक्रम सुटा पेपर म्हणून मिळतो. पदवी म्हणून उघडपणे क्वचितच मिळतो. आडून कसा मिळतो, ते पुढे येईलच.

प्रयोगशाळेचा हा आग्रह जुना आहे. रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1824 पासून जर्मनीतील गीसन येथे विद्यार्थ्यांना बाकावरून उठवून थेट भट्टीपाशी उभे केले आणि रसायनशास्त्र शिकवण्याची रीतच बदलली. 1856 मध्ये 18 वर्षांचा विल्यम पर्किन लंडनच्या घरी ईस्टरच्या सुटीत क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन हे हिवतापाचे औषध, आणि हिवताप म्हणजे काय हे गडचिरोली जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पर्किनचा प्रयोग फसला, भांड्यात काळा गाळ उरला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग दिसला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग जन्माला आला. पडद्यावरच्या प्रयोगात भांडे घासावे लागत नाही, हा त्याचा गुण पुन्हा एकदा नमूद करण्यात येतो.

आलापल्लीच्या आसपास तर हे शास्त्र कॉलेजात जाण्यापूर्वीच भेटते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामागे टेक्टोक्विनोनसारखी संयुगे आहेत. सागाच्या ‘टेक्टोना’ या शास्त्रीय नावावरूनच त्या संयुगाला नाव मिळाले. पळसाची फुले उकळून होळीचा रंग करतात आणि त्यात चुना पडला की तो गडद होतो. मोहाच्या बियांचे तेल कॉस्टिक सोड्याबरोबर तापवले तर साबण होतो. पुस्तकात त्याला साबणीकरण म्हणतात आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो.

सर्वांत पूर्ण प्रात्यक्षिक मोहफुलांच्या भट्टीचे. भिजवलेली फुले काही दिवस आंबतात, मग खाली जाळ आणि वर गार पाण्याचे भांडे. अल्कोहोल 78 अंशांच्या आसपास उकळते, पाणी 100 अंशांवर. म्हणून सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त असते आणि पुढे ते कमी होत जाते. वरचे पाणी तापले की बदलावे लागते, नाहीतर वाफ निसटते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीला भागशः ऊर्ध्वपातनानेच दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी असल्याने हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात बसत नाही, गुन्ह्याच्या नोंदीत बसते. मात्र संघनकातले पाणी का खेळते ठेवावे, हा व्हायवाचा प्रश्न त्या पाण्याचा चटका बसलेल्या माणसाला पाठ करावा लागत नाही.

प्रयोगशाळा आणखी काय देते, हे ॲझो रंगाच्या एका प्रयोगात दिसते. ॲनिलीन हायड्रोक्लोरिक ॲसिडात विरघळवून चंचुपात्र बर्फात ठेवायचे आणि सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. तापमान 5 अंशांच्या वर जाता कामा नये. पुस्तकात ही अट एका ओळीत येते. उन्हाळ्यात बाहेर पारा 45 च्या घरात असतो, वीज गेलेली असते आणि फ्रीजमधला बर्फ संपलेला असतो. मग तो चौकातल्या सरबताच्या गाडीवरून आणावा लागतो. घाई केली की द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे निघतात, डायझोनियम मोडते आणि हाती तपकिरी चिकटा येतो. धीर धरला, तर बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ते ओतताच भडक नारिंगी-लाल रंग उतरतो. 5 अंशांची अट त्या दिवसानंतर विसरता येत नाही.

येथे सदर अभ्यासक्रमाच्या एका जुळ्या भावाची दखल घेणे भाग आहे. त्याचे नाव प्रयोगशाळेसह अभ्यासक्रम असेच असते. वेळापत्रकात प्रॅक्टिकल असते, खोलीला कुलूप असते. नळ असतो, पाणी नसते. निरीक्षणे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतात, त्यामुळे बेंझोइक ॲसिडचा द्रवणांक सगळ्यांचा न चुकता 122 अंशच येतो. खऱ्या प्रयोगात कोणाचा 119 येतो, कोणाचा 120. नमुना पुरता वाळला नव्हता की शुद्ध नव्हता, हे त्या दोन-तीन अंशांतून कळते. बिनप्रयोगशाळेचा अभ्यासक्रम निदान खोटी सही मागत नाही. या प्रामाणिकपणाबद्दल त्याचे दुसऱ्यांदा अभिनंदन.

निवडीचा नियम यावरून ठरतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, उजळणी करू पाहणारा शिक्षक, किंवा एमएस्सीपूर्वी एखादा धडा पक्का करणारा विद्यार्थी, यांनी पडद्यावरचा पेपर खुशाल घ्यावा. औषधनिर्मिती, कारखान्यातील गुणवत्ता तपासणी, संशोधन किंवा शाळेत विज्ञान शिकवणे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तो एकट्याने घेऊ नये. प्रवेशापूर्वी माहितीपत्रकापेक्षा प्रयोगशाळा पाहावी : संघनकाला पाणी येते का, वीज गेल्यावर गरम कशावर करतात, रसायनांच्या बाटल्यांवर धूळ किती आहे. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याने मोजलेला द्रवणांक विचारावा. उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळले, तर पुढचा प्रश्न विचारावा.

सबब, बिनप्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाला पूरक म्हणून मान्यता देण्यात येत असून, प्रयोगशाळेची जागा घेण्याबाबतचा त्याचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव :
1) प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते.
2) प्रयोगशाळेचा नळ. त्याला पाणी यावे, ही विनंती.