मुंजा, नातू आणि रात्रीचा दिवा

एडिंबरा, डिसेंबर



बागुलबुवाला राहायला सावली लागते. दारामागे टांगलेला कोट दिवसा कोटच असतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा तिरपा उजेड पडद्याच्या फटीतून आला, की त्याला खांदे फुटतात आणि पाच वर्षांचा नातू पांघरुणात गडप होतो. साधारण तीन ते सहा या वयात कल्पना धावते जोरात आणि खऱ्याखोट्याची पारख असते कच्ची. त्यामुळे ही भीती घरोघरी आढळते. त्यातून एडिंबरात डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे येथील बागुलबुवाची पाळीही लांबलचक.

छताचा दिवा रात्रभर जाळला तर बिल येते आणि झोप जाते. डोळ्यांतील काही पेशींना निळसर-पांढरा उजेड दिवसासारखा वाटतो आणि झोपेचे संप्रेरक, मेलाटोनिन, अडते. मुलांत हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून रात्रीचा दिवा मंद आणि नारिंगीकडे झुकणारा, २२०० केल्विन किंवा त्याखालचा असावा. आपल्याकडचा झिरोचा बल्ब रंगाने बरा, पण झिरो फक्त नावाला; वीज खातो १२ ते १५ वॅट. एलईडीचे तेवढे काम वॅटभरात होते.

खरी मेख जागेत आहे. जमिनीवर उघडा ठेवलेला दिवा खेळण्यातल्या जिराफाला छतापर्यंत वाढवतो. तोच कपाटाआड, भिंतीकडे तोंड करून ठेवला, तर भिंतीवरून परतलेला उजेड पसरतो आणि सावलीला कडा उरत नाहीत. बोळात चाहूल लागताच पेटणारा दिवा पुरे. न्हाणीघराचा प्रश्न खास ब्रिटिश आहे: तेथे दिव्याला बहुधा छतावरून लोंबणारी दोरी असते आणि अंधारात ती कानाला लागली की बापही किंचाळतो. दोरीच्या टोकाला अंधारात चमकणारा मणी बांधावा.

बटण मात्र मुलाच्याच हाती हवे. दिवा आपण लावू-विझवू शकतो हे कळले की निम्मी भीती ओसरते. पुढे उजेड हळूहळू कमी करता येतो.

दिव्याने न सुटणारी बाब एकच: आजोबांच्या भुताच्या गोष्टी. तिकडे भारतात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचे चार, आणि खिडकीबाहेर अंधारू लागलेले. तेव्हा आजोबांनी मुंजाला तूर्त पिंपळावरच राहू द्यावे. व्हिडिओ कॉलवर ससा-कासव चालेल.