तेल लावू नये

थायलंडात च्यांग माईजवळ बान तवाई नावाचं गाव आहे. तिथे अख्खं गाव लाकूड कोरतं. हत्ती, घुबडं, कमळं आणि बुद्ध. तिथून आम्ही वीतभर उंचीचा ध्यानस्थ बुद्ध आणला. रंग नाही, वर्ख नाही, निव्वळ लाकूड. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला खात्याचा परवाना लागतो, तोही काढला. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं : ऊन नको, पाणी नको, तेल नको, एसीचा झोत नको, मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. म्हणजे थोडक्यात, काही करू नका. आमच्या घरात हे कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

सुरुवात मीच केली. मूर्ती दाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवली; येणाऱ्याला शोभून दिसेल म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे रोज सकाळी बुद्धवंदना होते. ते पेपर परत द्यायला आले. मूर्ती पाहून त्यांनी हात जोडले, मग त्यांची नजर खाली गेली. ''बाकी छान आहे,'' म्हणाले. त्या 'बाकी'ने मूर्ती दहा मिनिटांत पुस्तकांच्या कपाटावर गेली.

मग आई. ''किती कोरडा पडलाय रे,'' म्हणून तिने नातवाच्या टाळूवर थापावं तसं त्याच्या डोक्यावर खोबरेल थापलं. तीन दिवस मूर्ती लखलखली. चौथ्या दिवसापासून घरातली सगळी धूळ तिच्याकडे मुक्कामाला आली. डोक्यावरच्या कुरळ्या केसांच्या एकेका गाठीत काळा मळ बसला, शिवाय वास खवट. कामाच्या मावशींना ते बघवेना. त्यांनी भांड्यांच्या साबणाचं पाणी केलं आणि ओल्या फडक्याने बुद्धाला खसाखसा पुसून उन्हात, गॅलरीत, लोणच्याच्या बरणीशेजारी वाळत ठेवलं.

संध्याकाळी मानेपासून कमरेपर्यंत चीर. आत नखाची कड जाईल एवढी.

यात मावशींचा दोष नाही. लाकूड पाण्याने फुगतं, वाळताना आक्रसतं. बाहेरचा थर आधी वाळतो, गाभा मागे राहतो आणि त्या ओढाताणीत तडकतं. जपानी मूर्तिकारांनी हे हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ते मूर्ती आतून पोखरून पोकळ करत. त्यांच्यातल्या जोचोने उजीच्या ब्योदोइन मंदिरातला अमिदा बुद्ध 1053 साली घडवला, तोही अनेक ठोकळे जोडून, आतून पोकळ. जवळजवळ नऊ फुटांचा आहे. तिथेही उपद्रवी भक्त असतातच म्हणा. क्योतोच्या कोर्यूजी मंदिरातल्या लाकडी मैत्रेयाला 1960 साली एका विद्यार्थ्याने स्पर्श केला आणि मूर्तीचं बोटच तुटलं. ते पुन्हा जोडलं. हे वाचून आईला केवढा धीर आला!

चीर मी बुजवली नाही. पावसाळ्यात ती आपोआप मिटत आली, तेव्हा वाटलं, जिंकलो. मग जुलैत एका सकाळी कपाटावर बारीक रव्यासारखं पीठ दिसलं. पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मूर्तीच्या मांडीखाली टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं. सुतार म्हणाला, ''आतून खातोय. रॉकेल सोडा.'' आईने लगेच बाटली शोधायला घेतली.

मी मात्र संग्रहालयवाल्यांचा उपाय केला. लाकडातली कीड थंडीने मरते. मूर्ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, हवा काढून, दोन आठवडे फ्रीझरमध्ये. (रंगवलेल्या किंवा वर्ख लावलेल्या मूर्तीवर हा प्रयोग करू नये.) मटारचं पाकीट उजवीकडे, बुद्ध डावीकडे. मध्यंतरी भाची बर्फ घ्यायला गेली आणि किंचाळली. वरचे काका आले, त्यांना दार उघडून दाखवलं. त्यांनी हात जोडले आणि या वेळी 'बाकी' म्हटलं नाही.

काल दोन आठवडे पुरे झाले. पण बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नसते, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. एक दिवस तशीच राहू द्यायची. म्हणून आज ती जेवणाच्या टेबलावर आहे. आमच्याकडे येणार असाल तर जरूर या, फक्त तिला हात लावू नका. खोबरेलची बाटली मी लपवली आहे. आईने विचारलं तर तुम्हाला माहीत नाही.