ओरखड्यांची आणेवारी

लातूरहून मुरूड मागे टाकून बार्शीच्या दिशेने निघालेल्या सडकेवरचे ढोकी हे गाव ज्यांनी उसाच्या हंगामात पाहिले असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको की, मोळ्यांनी लादलेली बैलगाडी, दोन-दोन ट्रॉल्या ओढीत कण्हणारा ट्रॅक्टर आणि या दोहोंमधून कर्णा वाजवीत, कोणत्या तरी निकडीच्या लोकसेवेसाठी वाट काढणारी काळी स्कॉर्पिओ, या तिन्ही वाहनांवर येथील धूळ सारख्याच समदृष्टीने बसते. काळ्या रानाची माती, सडकेचा फुफाटा आणि, ज्या वर्षी तेरणा साखर कारखान्याचे धुराडे पेटलेले असेल त्या वर्षी, चिपाडाची काजळी असा या धुळीचा त्रिविध पुरवठा असून, बसताना जात, पक्ष वा हुद्दा पाहण्याची तिची रीत नाही. भेद पडतो तो धूळ उतरविण्याच्या वेळी. बैल पोळ्याला न्हाऊन निघतो, ट्रॅक्टर मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहतो, आणि स्कॉर्पिओ मात्र दररोज सकाळी, साहेब चहा घेत असताना, चार-पाच निष्ठावंतांच्या हातून पुसली जाते. हे पुसणेच आजच्या लेखाचा विषय आहे; कारण मोटारीच्या रंगाचे जे नुकसान धुळीला, उन्हाला आणि विरोधी पक्षाला मिळून करता येत नाही, ते एक कोरडे फडके एका सकाळीत करून मोकळे होते.

मोटारीच्या पत्र्यावर जो रंग आपणांस दिसतो, त्याच्या तळाशी अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर चकाकीचा पारदर्शक लेप अशी उतरंड असते. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन. आणि त्यातही ज्या लेपात साहेबांचे मुखकमल प्रतिबिंबित होते, त्या लेपाची 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे सामान्य रयतेच्या डोक्यावरील केसाहूनही कमी. उलटपक्षी फुफाट्यात गारगोटीचे जे सूक्ष्म कण असतात ते या लेपाहून कितीतरी कठीण. आणि चिपाडाच्या राखेतही त्याच जातीचे सिलिका हे द्रव्य विपुल असल्यामुळे, बोटाला मऊ लागणाऱ्या काजळीच्या पोटातही तेच हत्यार दडलेले असते. एवढ्या नाजूक लेपावर एवढी कठीण वस्तू ठेवून तिच्यावर भक्तिभावाने तळहात दाबणे आणि तो फिरविणे, याला आमच्याकडे गाडी चमकविणे म्हणतात.

हा विधी जवळून पाहण्यासारखा असतो. प्रथम बॉनेटवर अर्धी बादली पाणी अशा आवेशाने फेकले जाते की, त्यातले निम्मे फेकणाऱ्याच्याच पायजम्यावर यावे. मग फडक्याचा शोध सुरू होतो. ते फडके म्हणजे पुष्कळदा एखाद्या निवृत्त बनियनचा अवशेष असतो, आणि त्याच्या शिवणीत गेल्या आठवड्याचा चिखल वाळून बसलेला असतो. परंतु साहेब ओसरीवर आलेले दिसताच तेही हुडकण्यास सवड न उरून निष्ठावंताच्या खांद्यावरचे उपरणेच कामी येते. ते हातातून निसटून मातीत पडते, उचलून मांडीवर दोनदा झटकले जाते, आणि पुन्हा बॉनेटवर गोल गोल फिरू लागते. “दाबून पूस की रं, डाग हाय त्यो!” असे एक जण ओरडतो, आणि “न्हाई निघत, दादा,” असे म्हणत दुसरा आणखी दाबतो. डाग म्हणून ज्याचा असा पाठपुरावा चाललेला असतो, तो कालच्या दाबण्याने पडलेला ओरखडा असतो, आणि उद्या दाबण्यासाठी आजचा तयार होत असतो. सावलीत सर्व काही ठीक दिसते. परंतु दहाच्या सुमारास ऊन बॉनेटवर आले, म्हणजे सूर्यबिंबाच्या प्रतिबिंबाभोवती सहस्रावधी बारीक रेषांची वर्तुळे चमकू लागतात. वस्तुतः त्या रेषा दाही दिशांना गेलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या जाणाऱ्या तेवढ्याच डोळ्यांत भरत असल्यामुळे त्यांचे वर्तुळ झालेले भासते. साहेब वाकून पाहतात, आपल्या प्रतिबिंबामागे त्यांना तेजोवलय दिसते, आणि ते समाधानाने गाडीत बसतात.

यावर कोणी सरळमार्गी गृहस्थ असे सुचवील की, मग पुसूच नये. गाडी धुवावी आणि वाळू द्यावी. परंतु हा मार्गही आमच्या मुलखात मोकळा नाही. येथल्या काळ्या पाषाणातून बोअरने उपसलेले पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, आणि उन्हाने थेंब उडून गेला तरी त्यातला क्षार पत्र्यावर पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने कायम वस्तीला राहतो. पुसावे तर ओरखडे, न पुसावे तर ठिपके! काही केले तर बोभाटा आणि न केले तर ठपका, हा पेच आमच्या महसूल खात्याला पुरातन काळापासून परिचित असला, तरी मोटारमालकाला तो नवा आहे. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ती हीच अवस्था. आमच्याकडे मार्च उलटला म्हणजे दोन्ही कोरडी असतात, एवढाच काय तो फरक.

अशा वेळी कायद्याचा आधार घेणे प्राप्त होते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या आणि त्यानंतरही हुकूम, मसुदा, पंचनामा व तहकुबी यांच्याच छत्राखाली नांदलेल्या या जिल्ह्याला कागदाशिवाय कोणतीही वस्तू खरी वाटत नाही. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, पिकाप्रमाणेच ओरखड्यांचीही आणेवारी काढण्यात यावी. 1957 साली दशमान नाणी आली, आण्याचे राज्य खालसा झाले, सरकारी तक्त्यांत पैसेवारी अवतरली. तथापि लोकांच्या तोंडी अद्याप आणेवारीच आहे, यावरून या संस्थेची मुळे किती खोल गेली आहेत हे दिसून येईल. पिकाची पैसेवारी जशी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी उतरते, तशीच गाडीचीही उतरावी: सावलीत नजरअंदाज, दिव्याखाली सुधारित, आणि भर उन्हात अंतिम. 50 पैशांच्या आत आली, म्हणजे गाडी टंचाईग्रस्त जाहीर करून साहेबांना नव्या गाडीचा दिलासा द्यावा. शेतकऱ्याच्या पिकाची पैसेवारी 50 च्या उंबरठ्यापाशी येऊन ऐन वेळी वर उडी मारते, अशी जी जुनी तक्रार आहे, ती या बाबतीत कोणाला करावी लागणार नाही, याबद्दल आम्ही निःशंक आहोत.

आणेवारीचा प्रसंगच येऊ नये, यासाठी आम्ही एक मसुदाही तयार केला आहे. त्याचे पहिले कलम असे की, फडक्याने पत्र्याला स्पर्श करण्याआधी पाण्याने करावा. धूळ व फेस टपापासून खाली निथळून गेल्यावर नळीच्या तोंडची तोटी काढून टाकावी आणि मंद, अखंड धार वरून सोडावी. अशी धार चादर होऊन उतरते आणि आपल्याबरोबर पुष्कळसे थेंब ओढून नेते, त्यामुळे पुसण्यासारखे थोडेच उरते. दुसरे कलम सावलीचे. तापलेल्या पत्र्यावर पाणी आपल्या हुकमाची वाट न पाहता वाळते, म्हणून इंजिन निवलेले आणि गाडी लिंबाखाली असावी. मात्र लिंबावर कावळ्यांची बैठक भरलेली नसावी.

तिसरे कलम मुख्य. फडके दाट विणीचे, मायक्रोफायबरचे, स्वच्छ आणि किंचित ओलसर असावे. ते पत्र्यावर सपाट पसरावे, आणि जुन्या कचेरीतला कारकून ताज्या सहीवर टीपकागद ठेवीत असे तसे वरून हलकेच थोपटून उचलावे, किंवा दोन टोके धरून आपल्या वजनाने सरळ रेषेत ओढून घ्यावे. घासणे, दाबणे आणि वर्तुळाकार फिरविणे हे तिन्ही गुन्हे समजावेत. टप, काचा, बॉनेट असा क्रम धरून खाली यावे. दारांच्या तळाशी आणि चाकांपाशी सर्वांत जास्त वाळू असते, म्हणून तेथे दुसरे फडके वापरावे व ते पुन्हा वर चढू देऊ नये. जमिनीवर पडलेले फडके धुऊन निघेपर्यंत निलंबित राहील, आणि कोणाच्याही चिठ्ठीवरून त्याला मध्येच कामावर घेता येणार नाही.

चौथे कलम हवेचे. आरशाच्या फटी, दाराच्या मुठी, दिव्यांच्या कडा आणि नंबरपाटीचा मागचा भाग यांत दडलेले पाणी गाडी सुरू होताच पुसलेल्या पत्र्यावर ओघळते. ते टायरवाल्याकडील हवेच्या झोताने अंतर राखून आधीच उडवून द्यावे. हवेने ओरखडा पडत नाही. यंदा हवा कोणाची, या प्रश्नाचा खल जेथे बारमाही चालतो, तेथे हवेचा हा एक उपयोग तरी निर्विवाद ठरावा. पाचवे कलम खुद्द फडक्याच्या संगोपनाचे: ते इतर कपड्यांबरोबर धुऊ नये, कपडे मऊ करणारी औषधे त्याला लावू नयेत, कारण त्यांनी तंतू बुजून फडके पाणी पिणे सोडते, आणि वाळत घालताना बाभळीच्या काटेरी कुंपणाचा मोह टाळावा.

राहता राहिली परीक्षा. ढोकीच्या शेजारी तेर आहे, आणि तेथे संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन कोणाचे मडके कच्चे राहिले ते एकेकाच्या डोक्यावर थापट्या देऊन ठरविल्याची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोटारीसाठी एवढा अधिकारी पुरुष लागत नाही. धुतलेल्या ओल्या पत्र्यावर, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, बोटे अलगद फिरवावीत. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट जाणवते. ती जाणवली, म्हणजे धुणे कच्चे राहिले आहे, आणि फडक्याला परवानगी नाही.

आता पाण्याचा हिशेब. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली आगगाडी याच ढोकी स्टेशनावरून गेली. तिच्या पहिल्या खेपेस 10 वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होते, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती त्याआधीच जमावबंदीचा हुकूम लागू झाला होता. आणि त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील बेलकुंड येथे दुष्काळाच्या पाहणीस येणाऱ्या मंत्रिमहोदयांच्या हेलिकॉप्टरला धूळ लागू नये म्हणून तात्पुरत्या तळावर सुमारे 10,000 लिटर पाणी शिंपडल्याची वार्ता वृत्तपत्रांनी छापली होती. धुळीच्या आदरातिथ्याचे याहून मोठे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक शास्त्र निराळे सांगते. नुसती बसलेली धूळ ओरखडा पाडीत नाही. ती कोणी कोरड्या हाताने चोळली म्हणजे पाडते. तेव्हा टंचाईच्या दिवसांत गाडी आहे तशी राहू द्यावी, फार तर समोरची काच पाण्याने धुऊन घ्यावी, आणि दुष्काळ पाहावयास येणाऱ्या ताफ्याने तर धुळीनेच माखून यावे. पाहणी खरोखर झाली याचा तेवढा एक पुरावा अहवालाला जोडता येईल.

चाणाक्ष वाचकांच्या हे लक्षात आलेच असेल की, हा मसुदा मोटारीपुरता राहणे कठीण आहे. सोसायट्या, पतसंस्था, बँका, शाळा आणि कारखाने यांच्या कारभारावर धूळ बसली असे दिसताच कोणी ना कोणी खांद्यावरचे उपरणे काढून धावतो. चौकशी, समिती, प्रशासक, पॅनेल, नवे पॅनेल अशी फडकी एकामागून एक फिरतात, प्रत्येक जण आधीच्याने पाडलेला ओरखडा डाग समजून अधिक दाबतो, आणि वरचा लेप उडून पत्रा उघडा पडला, म्हणजे तो भंगारात काढण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. हिशेबाचे पाणी आधी वरपासून खालपर्यंत सोडावे आणि मग हात लावावा, ही साधी गोष्ट कोणाला सुचत नाही. कारण पाणी सोडले म्हणजे तळाशी काय साचले आहे ते सर्वांसमक्ष वाहून येते.

म्हणून ढोकीकरांस आणि त्यांच्यासारख्या गावोगावच्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे की, कोणीही तुमचे काही पुसावयास आला, मग ती गाडी असो, संस्था असो वा डोळे असोत, तर त्याची निष्ठा किती आहे हे विचारीत बसू नका. आधी त्याचे फडके उलटून पाहा.